बादलीचा रकाना

पावणेसहाला राजबाला उठली, दूध तापत ठेवले आणि ते वर येईपर्यंतच्या सात मिनिटांत आदल्या दिवशीचे कपडे पिळून गच्चीवरच्या दोरीवर टाकले. नवऱ्यासाठी चार आणि स्वतःसाठी दोन मेथीचे पराठे भाजले, त्यांवर लोण्याचा गोळा ठेवून डबे बंद केले. सव्वासातची रोडवेजची बस नेहमीप्रमाणे सात पंचविसाला आली. आठ वाजून दहा मिनिटांनी तिने ट्रस्टच्या रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागाचे कुलूप उघडले. सांधे शेकायच्या मेणाच्या भांड्याचे बटण दाबले, भिंतीवरच्या व्यायामाच्या पुलींच्या दोऱ्या ओढून पाहिल्या, कोनमापक पुसून टेबलावर ठेवला आणि दारामागच्या खिळ्याला अडकवलेली निळी फाइल काढली.

फाइलमध्ये एकशे बारा खांदे होते. अस्थिरोग विभागाचे प्रमुख डॉ. सुदर्शन जुनेजांनी या जिल्ह्यात दुर्बिणीतून खांदा शिवण्याचे काम सर्वांत आधी सुरू केले, त्या पहिल्या काही वर्षांतले हे खांदे. त्यापूर्वी निखळलेला खांदा गावच्या चावडीवर बसणारे पहिलवान काखेत टाच रोवून बसवत असत. ज्याचा पुन्हा पुन्हा निखळे त्याला कबड्डी सोडून म्हशी बघ असे सांगितले जाई. डॉक्टरांनी तीन भोके पाडली, आतली फाटलेली कड खोबणीला टाके घालून शिवली आणि पोरांना पुन्हा मैदानावर पाठवले. दहा वर्षांनंतर ते खांदे कसे आहेत, याचा अहवाल ते येत्या रविवारी चंदीगडच्या परिषदेत वाचणार होते. नियम असा होता की ज्याने शस्त्रक्रिया केली त्याने विचारपूस करायची नाही. दुसऱ्या कोणी तरी विचारायचे आणि प्रत्येक फॉर्मवर सही करायची. ती दुसरी कोणी म्हणजे राजबाला. तिच्या नोकरीला अठरा वर्षे झाली होती.

फॉर्म परदेशातून आला होता आणि वाटेत कोणीतरी त्याची अतिशुद्ध हिंदी केली होती. 'आपण केशप्रसाधन करू शकता का' या प्रश्नाला एकाने उत्तर दिले होते, "बहनजी, केस असते तर केलं असतं." 'आपला गोल्फचा खेळ पूर्ववत झाला का' यावर दुसरा म्हणाला होता, "तो गेला तर जाऊ द्या, म्हैस पूर्ववत धुतो." पण मुख्य प्रश्न पाचवा होता: शस्त्रक्रियेनंतर खांदा पुन्हा निखळला का? एकशे तीन जणांना विचारून झाले होते. सहांनी 'हो' म्हटले, सत्त्याण्णवांनी 'नाही'. आठ जण सापडलेच नाहीत. त्यांना डॉक्टर 'संपर्काबाहेर' म्हणत, आणि जो संपर्काबाहेर तो सुखात, असे त्यांचे निदान होते. यशाचा आकडा येत होता चौऱ्याण्णव टक्के. डॉक्टर तो इतक्या मायेने उच्चारत की ऐकणाऱ्याला नातवाचे नाव वाटावे.

उरला होता एक जसमेर. तो पहिला रुग्ण. बाहेरच्या व्हरांड्यात बरे झालेल्यांचे फोटो ओळीने लावलेले होते आणि प्रत्येकाचे दोन्ही हात वर, जणू कोणी बसमध्ये बंदूक रोखली आहे. ओळीच्या आरंभी तेवीस वर्षांचा जसमेर हसत होता. आता तो गावातल्या मुलींना कबड्डी शिकवत असे आणि फोन कधीच उचलत नसे.

त्या बुधवारी फोन उचलला गेला. पण आवाज बाईचा होता.

"राम-राम गं पोरी. जसमेर मैदानावर गेलाय. फोन घरीच ठेवतो, म्हणजे बायकोला सापडायला नको. मी त्याची आई, नाव भरपाई."

"चाची, मी रुग्णालयातून राजबाला. जसमेरच्या खांद्याचं विचारायचं होतं. ऑपरेशननंतर पुन्हा कधी निखळला का?"

"छे! देवमाणूस आहे तो डॉक्टर. एकदासुद्धा नाही."

राजबालाने 'नाही'वर खूण केली.

"हात वर न्यायला काही त्रास?"

"काही नाही. बाकी एक विचारायचं राहून जातं बघ. डॉक्टरांना म्हणावं, बादली कुठली वापरायची ते एकदा सांगा. लोखंडाच्या बादलीची कडी मनगटाला काचते आणि प्लास्टिकची निघून येते."

"कसली बादली, चाची?"

"अगं, खांद्याची! तू तिथेच काम करतेस ना? खांदा उतरला की खाटेवर पालथं निजवायचं, हात खाली सोडायचा, मनगटाला पाण्याची बादली बांधायची. त्याच्या बापाची चिलीम संपेपर्यंत टक्कन बसतो. आधी भरलेली बादली लागायची. आता अर्धीतही बसतो."

"असं किती वेळा झालं?"

"मोजतं कोण? होळीपासून चार. थांब, परवा म्हैस उधळली तेव्हाची धरून पाच."

राजबालाने पेन खाली ठेवले. "पण चाची, तुम्ही आत्ताच म्हणालात, एकदाही निखळला नाही."

"मग? तुमच्याकडे आणावा लागला का?" पलीकडचा आवाज चढला. "घरच्या घरी बसला, त्याला निखळला कोण म्हणतं? दुधाला उकळी आली की तू बंब बोलावतेस का? आणि ज्यानं माझ्या पोराला पुन्हा मैदानावर उभं केलं, त्याच्या दारात जाऊन सांगू, तुझे टाके कच्चे निघाले म्हणून? धर्माची गाय घ्यायची आणि दात मोजायचे! आमच्यात नाही तसं करत."

फोन ठेवल्यावर राजबाला 'नाही'वरच्या खुणेकडे पाहत राहिली. शाई अजून ओली होती. मग तिने पाने मागे उलटली. सत्त्याण्णव 'नाही', सगळ्या तिच्याच अक्षरात, आणि प्रत्येकीखाली तिचीच सही.

*

अकरा वाजता भतेरी आली. वय वीस, कबड्डीत चढाई करणारी खेळाडू, कोपरांवर मैदानाची माती कायमची बसलेली. तिच्याआधी तीन बहिणी झाल्या होत्या. चौथीच्या वेळी बापाने देवाला ऐकू जावे म्हणून 'पुष्कळ झाल्या' या अर्थाचे नाव ठेवले, आणि आता तिची बक्षिसे ठेवायला तोच कपाट करून घेत होता. वर्षभरात तिचा उजवा खांदा सात वेळा निखळला होता. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती.

राजबालाने तिला निजवले, कोपर धरले आणि हात बाजूला नेऊन अलगद मागे वळवला. भतेरीने तोंडातून आवाज काढला नाही, पण तिचा डावा हात झटकन येऊन राजबालाच्या मनगटावर बसला.

"ठीक आहे, नाही नेत पुढे."

"दीदी," भतेरी उठून बसली, "नवे डॉक्टर आहेत ना, तन्वर, ते म्हणाले माझी खोबण फुटक्या बशीसारखी झालीय. कड झिजलीय. नुसते टाके धरणार नाहीत, उघडून हाडाचा तुकडा बसवावा लागेल. मोठे डॉक्टर म्हणाले, काही गरज नाही, चौऱ्याण्णव टक्के. जसमेर गुरुजी म्हणाले, तीन भोकं आणि खांदा लोखंड. मोठा व्रण नको म्हणून आई खूष. सगळ्यांचं ठरलंय."

"मग?"

"तुम्ही सगळ्यांना फोन करता ना? तुम्ही सांगा. टिकतं का?"

दोन तासांपूर्वी राजबालाने या प्रश्नाचे उत्तर डोळे मिटून दिले असते. आता ती कोनमापक उघडत-मिटत राहिली.

"मला शनिवारपर्यंत वेळ दे."

"आकडा तर भिंतीवर लावलाय."

"शनिवारी ये, म्हटलं ना."

*

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जसमेरच्या गावची बस धरली. मैदान शाळेच्या मागे होते. दहा-बारा मुली दम धरून पळत होत्या आणि जसमेर कडेला उभा राहून ओरडत होता. ओरडताना तो डावा हात हवेत फिरवी. उजवा खिशात असे. मैदानाच्या टोकाला लिंबाखाली एक खाट होती आणि खाटेखाली बादली.

"पाणी प्यायला ठेवलीय वाटतं," राजबाला म्हणाली.

जसमेरने बादलीकडे पाहिले, मग तिच्याकडे. "आईनं फोन उचलला ना काल."

"उचलला."

"तिला काही कळत नाही. खांदा एकदम फर्स्ट क्लास आहे, बहनजी. डॉक्टरसाहेबांना माझा राम-राम सांगा."

"हात वर कर."

"कशाला?"

"फोटोत केलास तसा. दोन्ही."

त्याने डावा सरळ वर नेला. उजवा खांद्याच्या उंचीपर्यंत आणला आणि तिथे थांबवला. माठ डोक्यावर घेतलेली बाई मान वळवताना थांबते तसा तो थांबला. मुली पळता पळता पाहू लागल्या. त्याने दोन्ही हात खाली घेतले आणि ओरडला, "इकडे काय बघता? माझा चेहरा काय हेमामालिनीचा आहे? पळा!"

"पहिल्यांदा कधी गेला?" राजबालाने हळू विचारले.

"ऑपरेशननंतर तिसऱ्या वर्षी. शिंकलो."

"आणि मला चार वर्षांपूर्वी मेळाव्यात तू सांगितलंस की सगळं छान आहे."

"स्टेजवर होतो, बहनजी. डॉक्टरसाहेबांनी गळ्यात हार घातला होता. हार घातलेल्या माणसानं रडगाणं गायचं?" तो थोडा हसला. "आणि खोटं कुठे बोललो? एक हंगाम राज्याकडून खेळलो ना! त्यांच्यामुळेच खेळलो."

"ते खरंच आहे. ते मी लिहीन. पण भतेरीला तू 'लोखंड' म्हणालास."

जसमेरने मैदानाकडे पाहिले. समोर भतेरी बाकीच्यांबरोबर पळत होती, उजवा हात पोटाशी धरून. तो कसा धरायचा हे तिला कोणी शिकवले नव्हते, आणि तरी तो हुबेहूब तिच्या गुरूसारखा होता.

"तिला बादलीचं माहीत आहे?"

"मुलींना आम्ही घरी पाठवतो आधी," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "मग खाट ओढतो."

*

गुरुवारी दुपारी आणि शुक्रवारी सकाळपासून राजबालाने त्या सत्त्याण्णव जणांना पुन्हा फोन लावले. या वेळी फॉर्म बाजूला ठेवला. खुशाली विचारली, पीकपाणी विचारले आणि मग अगदी सहज, आपल्याही घरी असते अशा आवाजात: "घरी खांद्यासाठी बादली ठेवता का हो?"

कुलपे उघडावीत तशी माणसे उघडली. "बादली नाही, आम्ही विटा बांधतो." "बादलीच, पण पाणी सांडतं म्हणून सरकी भरतो." निमलष्करी दलातला एक जवान म्हणाला, "मॅडम, तुकडीत माझी स्वतंत्र बादली आहे, नाव रंगवलेली. बदली झाली तरी बरोबर नेतो." एका शिक्षकाने स्वच्छ शब्दांत सांगितले की खांदा सहा वेळा निखळला, परंतु प्रत्येक वेळी उन्हाळी सुट्टीत, म्हणून त्याने तो धरला नाही. एकाच्या बायकोने नवऱ्याच्या हातून फोन काढून घेतला: "तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मला लग्नाआधी सांगितलं होतं, मुलगा निरोगी आहे. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, जरा बादली आण. मला वाटलं आंघोळ करतोय."

राजबालाला हसू येई आणि लगेच ओशाळल्यासारखे होई. सगळे काही वाईट नव्हते, हे तिने काटेकोरपणे लिहून ठेवले. एकोणसत्तर खांदे खरोखर उत्तम होते. एक सुतार दिवसभर रंधा मारत होता, एक जण मुलीला खांद्यावर घेऊन यात्रेला जाऊन आला होता. पण जसमेर धरून एकोणतीस घरांत बादली होती. त्यांत आधीचे सहा मिळवले की एकशे चारांत पस्तीस. तीनात एक. आणि या पस्तीसांची जुनी कागदपत्रे तिने काढली तेव्हा तिच्या लक्षात आले की जवळजवळ सगळेच शस्त्रक्रियेच्या वेळी विशीच्या आसपासचे, नंतर पुन्हा कबड्डी किंवा कुस्तीत उतरलेले. आणि बहुतेकांच्या कागदांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले: खोबणीची कड झिजलेली.

अगदी याच वर्णनाचा भतेरीचा खांदा तिने बुधवारी हाताने तपासला होता.

*

शुक्रवारी चार वाजता डॉ. जुनेजा आपल्या खोलीत परिषदेचे भाषण घड्याळ लावून म्हणत होते. माणूस वाईट नव्हता. रुग्णाच्या पायाशी बसून बोलणारा, गरिबाच्या घरची लस्सी न नाकारणारा, आणि हात असा हलका की नर्सेस म्हणत, साहेब टाके घालत नाहीत, खांद्याची समजूत घालतात. त्यांचा दोष एकच होता. वीस वर्षांत त्यांना कोणी 'नाही' म्हटले नव्हते, आणि ज्या एका प्रश्नाला म्हटले, त्याचे उत्तर त्यांना तेच हवे होते.

राजबालाने कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"राजबाला, बादली ही वैद्यकीय संज्ञा नाही."

"नाही सर. पण खांदा बाहेर येतो."

"बाहेर आला तर त्याची नोंद कुठे आहे? एक्स-रे? नोंद नाही म्हणजे घटना नाही. उद्या तू म्हणशील, कोणाला स्वप्नात निखळला तोही धर."

"स्वप्नात कोणी मनगटाला कडी बांधत नाही, सर."

त्यांनी कागदावर बोट फिरवले. "जसमेरसुद्धा?"

"तिसऱ्या वर्षापासून."

"दिवाळीला तुपाचा डबा घेऊन येतो तो दरवर्षी." त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "डाव्या हातात. माझ्या कधी लक्षातच आलं नाही. तुला वाटतं मी खोटं सांगत होतो?"

"नाही सर. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. आणि मीही बरोबर विचारलं नाही."

त्या क्षणी राजबालाला वाटले, आता हा माणूस भाषण फाडेल. डॉक्टरांनी ते उचलले, कडा जुळवल्या आणि पाकिटात घातले.

"हे बघ. कार्यक्रमपत्रिका छापून झाली, त्यात चौऱ्याण्णव आहे. परवा तेच जाऊ दे. पुढच्या वर्षी बादल्यांचा स्वतंत्र अभ्यास करू. आपल्या मातीतला विषय आहे. तुझं नाव घालू, माझ्या लगेच खाली."

"आणि भतेरी?"

"सोमवारी, दुर्बिणीनंच. माझ्या हातावर तुझा विश्वास नाही?"

"तुमच्या हातावर आहे, सर. खोबण तिची झिजलीय."

त्यांनी भाषणाचे घड्याळ पुन्हा शून्यावर आणले आणि घसा साफ केला. राजबालाने आपला कागद उचलला.

*

शनिवारी अर्धाच दिवस असतो. भतेरी नऊ वाजता आली, आणि तिच्याबरोबर जसमेर. तो दारातच उभा राहिला. राजबालाने काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "वाटेत मी सांगितलं तिला. सगळं. खाट कशाला असते तेही."

भतेरीचे डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत होता. "तीन वर्षं मला वाटायचं गुरुजी त्या खाटेवर झोपतात. आळशी म्हणायचो आम्ही त्यांना."

"मागूनच म्हणायच्या," जसमेर म्हणाला.

राजबालाने दोघांना समोर बसवले आणि सांगितले: एकशे चार, पस्तीस, आणि त्या पस्तीसांत तुझ्यासारखे किती. उघड्या शस्त्रक्रियेचा व्रण मोठा राहील. तिचेही धोके आहेत, ते डॉ. तन्वर सांगतील, त्यांना नीट विचार. शंभर टक्के कुठेच नाही.

"व्रण आईला बघायचाय, मला नाही," भतेरी म्हणाली. "मला तन्वर डॉक्टरांकडे जायचंय. मोठे डॉक्टर रागावतील?"

"रागावतील."

"तुमच्यावर?"

"तू तुझं बघ."

ती दोघे गेल्यावर राजबालाने निळी फाइल खिळ्यावरून काढली. वैद्यकीय कागदावर खोडरबर चालत नाही, आणि पान बदलणे हा तर गुन्हाच. म्हणून तिने पट्टी घेतली आणि अठ्ठावीस फॉर्मवर पाचव्या प्रश्नासमोरच्या 'नाही'वर एक-एक सरळ रेघ मारली, आतले अक्षर वाचता येईल अशी. शेजारी 'हो' लिहिले, किती वेळा ते लिहिले, घरी कसा बसवला तेही, आणि तारीख घालून पुन्हा सही केली. एकोणतिसावा जसमेरचा, त्याच्यावर तिने एक ओळ जास्त लिहिली: शस्त्रक्रियेनंतर एक हंगाम राज्याकडून खेळला. उरलेल्या एकोणसत्तरांना हात लावला नाही. या कामाला एक तास दहा मिनिटे लागली.

नंतर भतेरीच्या केसपेपरवर, जिथे अठरा वर्षे ती 'शस्त्रक्रियेस हरकत नाही' एवढेच लिहीत आली होती, तिथे हात कितव्या अंशाला अडतो ते लिहिले, खोबणीचे लिहिले, 'रुग्णाला दोन्ही पर्याय समजावले, डॉ. तन्वर यांचा सल्ला हवा असे रुग्णाचे म्हणणे' हेही लिहिले.

नोंदणी कक्षातल्या कारकुनाने गठ्ठा चाळला. "मॅडम, या काय खाडाखोडी? जग 'हो'चं 'नाही' करतं. 'नाही'चं 'हो' करणारं पहिल्यांदाच बघतोय. साहेबांनी बघितलंय?"

"नियमात माझी सही लागते. साहेबांची नाही."

"परिषद उद्या आहे."

"म्हणून तर आज आणलं. एक प्रत नैतिकता समितीला, एक साहेबांच्या टेबलावर. आवक क्रमांक दे."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले, मग शिक्का शाईच्या गादीवर टेकवला. एकामागून एक एकोणतीस ठोके पडले. राजबालाने ते मनात मोजले.

डॉ. तन्वरांच्या खोलीत कोणी नव्हते. तिने भतेरीचा केसपेपर त्यांच्या टेबलावर मध्यभागी ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर त्यांचा पेला पालथा घातला. विभागात परत येऊन मेणाच्या भांड्याचे बटण बंद केले, कुलूप लावले, ते एकदा ओढून पाहिले. दोन दहाची बस दोन वीसला येणार होती. ती थांब्यावर सावली शोधून उभी राहिली.